डुरक्याचं दार

कोल्हापूर, १२ जुलै २०२५

शिवांजली,

तुझ्या चौथ्या प्रकरणात राजवीर ज्या क्षणी त्या भोकात पडला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. मी दुकानात होतो. मशीनमधून कुणा भावी नगरसेवकाचा भलामोठा चेहरा इंच-इंच छापून बाहेर येत होता आणि माझ्या हातात तुझी पानं. "राजवीरचा पाय घसरला. खाली काहीच नव्हतं." बस? चार प्रकरणं त्याला घोड्यावर बसवलंस, नीलव्वाच्या पुढं पुढं पळवलंस, आणि दोन वाक्यांत खलास? मी एवढ्यानं ओरडलो की आमचे मालक हंबीरराव कॅबिनमधनं पळत आले. "अमऱ्या, हात अडकला काय रं मशीनमधी?" म्हटलं, न्हाय, माणूस गेलाय. त्यांनी अर्धा दिवस सुट्टी दिली. कोण गेलं ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मला सांग, त्या पोरीनं आता एकटीनं करायचं काय? तिचं जग म्हणजे एक प्रचंड यान, त्याच्या पाठीवर लोक शेती करतायत आणि आपण यानावर आहोत हेच विसरलेत. पोटातली भट्टी विझत चाललीय, वर पिकं गारठतायत. पंधरा वर्षांची नीलव्वा ठिणगी घेऊन सात दारं ओलांडत खाली निघालीय. इथपर्यंत नाद खुळा. पण सोबतीला एक माणूस नको? राजवीर कुणावरून घेतलायस हे मला कळत नाही असं समजू नकोस. घोडा सोडला तर बाकी सगळं जुळतं.

त्याला वर काढ. भोकात एखादी दोरी दाखव, झुडूप दाखव, काहीही दाखव.

आणि हे पत्रांचं नाटक अजून किती दिवस? दोन हजार पंचवीस साल आहे. पोस्टातला माणूस माझ्याकडं वकिलाची नोटीस पाठवणाऱ्यासारखा बघतो.

मामांना नमस्कार.

अमरेश


जयसिंगपूर, २० जुलै

अमरेश,

राजवीर वर येणार नाही. त्या भोकाला बूड नाही, यानाच्या बाहेर अवकाश आहे. अवकाशात झुडपं नसतात. तू अडीच वर्षं मेकॅनिकल केलंस ना?

आणि तो कुणावरूनही घेतलेला नाही. गोष्टीत घोडा होता, घोड्यावर कुणीतरी बसायला हवं होतं.

पत्रांचं कारण तुला माहीत आहे, तरी लिहिते. त्या दुपारी तू ओळीनं व्हॉइस नोटा पाठवल्यास, का तर मी तुझ्या स्टेटसला उत्तर दिलं नाही. त्यातली एक चुकून घरच्या ग्रुपवर गेली. अप्पांनी ती दुकानात, खिळे मोजून घेणाऱ्या गिऱ्हाइकासमोर, स्पीकरवर लावली. "तुला माझी काय किंमतच न्हाय" हे वाक्य आमच्या गल्लीतली पोरं अजून एकमेकांना म्हणतात. फोनवर तू ओरडतोस. कागदावर राग लिहावा लागतो, आणि लिहीपर्यंत तुझा अर्धा उतरतो. म्हणून तू ब्लॉकच राहशील.

तुझ्या एका सवयीचं मला नवल वाटतं. कुठंही काही बिनसलं की तू दार आपटून निघतोस. सरांनी जर्नल फेकलं, तू वर्गाचं दार आपटलंस आणि कॉलेजच सोडलंस. घरातही तेच. पण तुमच्या घरचं दार आपटलं की कडी बसत नाही, ते उलटं उघडतं, आणि तुझी आई, माझी मल्लव्वा आत्ती, आतून म्हणते, "आला बघा परत." तू खरंच येतोस. जेवायला.

पाचवं प्रकरण पाठवते आहे. यात दुसऱ्या दारावरचा राखणदार येतो. तुझ्याशिवाय हे वाचणारं माझ्याकडं कुणी नाही. अप्पांना वाटतं मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते. म्हणून नीट वाच. राजवीरला शोधत बसू नकोस.

शिवांजली


कोल्हापूर, २७ जुलै

शिवा,

डुरक्या! काय माणूस काढलायस! म्हणजे माणूस नाही, बैलाची शिंगं, भट्टीएवढं पोट आणि वरात बंद पडेल असा आवाज. पण अगदी आमच्या पेठेतला वाटतो. दाराच्या चौकटीत मांडी ठोकून बसलाय आणि येणाऱ्या प्रत्येकाला डुरकतोय, "कुठं निघालासा पावणं? कुणाला इचारून?" मी ते पान मशीनवरच्या पोरांना वाचून दाखवलं. सगळे लोळले. आणि मधेच ते वाक्य, की तो कुणाचं वाईट करत नाही, फक्त खाली गेलेलं कुणी परत आलं नाही म्हणून कुणाला जाऊच देत नाही. तिथं मला मशीनच्या मागं जाऊन तोंड धुवावं लागलं. हे लोकांना सांगू नकोस.

पण एक घोडचूक आहे. तूच लिहिलंयस की यानाची जुनी शिस्त आहे, एक दार मागं लागल्याशिवाय पुढचं उघडत नाही. हवा निघून जाऊ नये म्हणून. बरोबर आहे, पाणबुडीतही तसंच असतं. मग डुरक्या जर चौकटीत बसलाय, तर ते दार कधी लागणारच नाही. लागणार नाही तर पुढचं उघडणार नाही. नीलव्वा अडकली. आता तू काय करणार? लढाई करायची तर त्याला मारावं लागेल आणि तो मेला तर त्याचं धूड चौकटीतच पडेल, म्हणजे दार कायमचं उघडं. फसलीस की नाही? मेकॅनिकल अगदीच वाया गेलेलं नाही.

उपाय सांगतो. राजवीर.

असो. पुढच्या महिन्यात तुझा वाढदिवस. यंदा तू ज्या गोष्टीसाठी घरात लपूनछपून लिहितेस ती गोष्ट मी जगाला दाखवणार आहे. काय ते विचारू नकोस. हंबीररावांनी मटेरियल फुकट दिलंय.

तुझा (हे खोडलेलं नाही, बघ)
अमरेश


जयसिंगपूर, २६ ऑगस्ट

अमरेश,

काय लिहू? 

सकाळी अप्पा दूध आणायला गेले आणि बिनदुधाचे परत आले. म्हणाले, "स्टँडवर जाऊन बघून ये." मी गेले. स्टँडसमोर, पोलिस चौकीपेक्षा उंच, मी. माझ्या दहावीच्या फोटोतलं तोंड, खाली चिलखत, हातात पेटती मशाल. "जयसिंगपूरची वाघीण, नीलव्वाची जननी, शिवांजली यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा." शेजारी घोड्यावर गॉगल लावून तू. खाली गोल गोल फोटोंत तुझे वीसेक मित्र, ज्यांतल्या एकालाही मी ओळखत नाही, आणि त्यातला एक चक्क फोनवर बोलतोय. आणि कोपऱ्यात शिंगं असलेला, तोंड उघडून ओरडणारा डुरक्या.

तो डुरक्या म्हणजे आपण, असं अप्पांना वाटतंय. "माझ्याच गावात मला बैल केला," एवढंच ते दुपारपर्यंत म्हणत होते.

संध्याकाळपर्यंत दुकानात सामान घ्यायला कमी आणि विचारायला जास्त लोक आले. "पोरीचं ठरलं म्हणायचं की." "नीलव्वाची जननी म्हणजे काय, चन्नाप्पा? लग्नाआधी?" हो, हेही विचारलं एकानं. तुझ्या मराठीला आग लागो. गोष्ट लिहिणारीला जननी म्हणतात का?

अप्पांनी विचारलं, नीलव्वा कोण. सांगावं लागलं. बँकेच्या पुस्तकांखालचे कागद बाहेर काढावे लागले. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "एवढं लिहिती आणि मला म्हाईत न्हाय?" ते माझ्याशी त्यानंतर बोललेले नाहीत.

तो फ्लेक्स उतरव. आजच.

शिवांजली


कोल्हापूर, २ सप्टेंबर

शिवा,

चुकलं. जननी हा शब्द चुकलाच. मी 'निर्माती' लिहिलं होतं, हंबीरराव म्हणाले त्यानं सिनेमाची वाटते. आणि मी स्वतः येऊन फ्लेक्स उतरवणार होतो, मोटरसायकलला किक मारली होती, पण आईनं रस्त्यातच धरलं. कारण ऐक.

मामांचा फोन आला होता! स्वतःहून! म्हणाले, "गावात एवढा बोभाटा झालाय, आता लांबवण्यात अर्थ न्हाय. दसऱ्याला येतो, तारीख धरू." आईनं फोन ठेवला आणि देवापुढं साखर ठेवली. मला म्हणाली, "भावाच्या लेकीवर पयला हक्क भनीचा. पाळण्यात व्हती तवाच सांगितलंतं मी." मग रडली. मग माझ्या पाठीत धपाटा घातला, का ते माहीत नाही, बहुतेक आनंदानं.

तू म्हणशील फ्लेक्स मूर्खपणा होता. पण बघ, त्याच फ्लेक्सनं केलं की काम! आपण लहानपणी मामांच्या दुकानात सिमेंटच्या पोत्यांवर बसून जहाज चालवायचो, तू कप्तान आणि मी इंजिन, मी तोंडानं घूं घूं करायचो. तेव्हापासून मला एवढंच पाहिजे होतं. फ्लेक्स आता राहू दे की दसऱ्यापर्यंत. शोभून दिसतो.

सहावं प्रकरण का नाही पाठवलंस? डुरक्याचं काय झालं?

अमरेश


जयसिंगपूर, १४ सप्टेंबर

अमरेश,

सहावं प्रकरण पाठवते आहे. अर्धंच आहे. नीलव्वा दारापाशी बसून आहे. डुरक्यानं तिला खायला दिलं, पांघरूण दिलं, दारातली ऊब दिली, गाणं म्हणून दाखवलं. तिला जाऊ तेवढं दिलं नाही. तिच्या हातातली ठिणगी बारीक होत चालली आहे. पुढं काय ते मला लिहिता येत नाही.

तुला एक सांगायचं होतं. मेमध्ये मी पहिली तीन प्रकरणं बंगळूरला एका कंपनीला पाठवली होती. ते मोबाइलवरचे खेळ करतात, साहसाचे, आणि त्यांना कन्नड आणि मराठी दोन्ही येणारी, गोष्टी रचणारी मुलगी हवी होती. त्यांनी बोलावलं आहे. वर्षभर शिकवतील, मग नोकरी. नीलव्वाचाच खेळ करायचा म्हणतात. दिवाळी झाली की हजर व्हायचं.

अप्पांना सांगितलं. बऱ्याच दिवसांनी ते बोलले, पण एवढंच म्हणाले, "आता तू माझी कुठं राहिलीस विचारायला? साखरपुडा होऊ दे. मग आत्तीला विचार, अमरेशला विचार. त्यांनी पाठवलं तर जा."

आत्तीला मी फोनवर विचारलं. हसली. म्हणाली, "बंगळूर? आणि माझ्या पोराला जेवायला कोण वाढणार?"

शिवांजली


कोल्हापूर, १६ सप्टेंबर

शिवांजली,

मेपासून! मेपासून तुला माहीत होतं आणि मला जुलैत राजवीरचा घोडा वाचायला लावलास! मी तुझ्यासाठी मुखपृष्ठ काढत बसलोय, यानाच्या नळांना एकेक खिळा मारत बसलोय, आणि तू पेटी भरून तयार!

मला विचार म्हणे. मी काय तुला कोंडून ठेवणार आहे? लग्न झाल्यावर जा की. वर्षभराचीच तर गोष्ट. मीही येईन. तिकडं फ्लेक्स छापत नाहीत का? का तिथं मला घोड्यावर बसवून भोकात ढकलणार आहेस?

आणि एवढंच असेल तर सरळ नाही म्हण की! तोंड नाही का तुला? नीलव्वाला सात दारं ओलांडायला लावतेस आणि स्वतःला बापासमोर एक शब्द बोलता येत नाही? म्हण, मला अमरेश नको. म्हण एकदा. मला ऐकायचंय.

सहावं प्रकरण फालतू झालंय. गाणं तर रद्दी आहे.

अमरेश


जयसिंगपूर, २२ सप्टेंबर

अमरेश,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चिडले. दुसऱ्यांदा कळलं की तुला खरंच माहीत नाही. तू मुलगा आहेस, तुला हे कधी कुणी सांगितलंच नसेल. मग ऐक.

आपल्या आज्जीची बहीण गंगव्वा. तिनं आत्तीच्या मुलाला नाही म्हटलं होतं. काही भांडण नाही, तंटा नाही, नुसतं नाही. दोन घरांनी एकमेकांच्या दारचं पाणी सोडलं. आज्जीच्या लग्नाला तिची सख्खी आत्ती आली नाही. सगळे एकत्र आले ते थेट गंगव्वाच्या मातीला, आणि तिथंही दोन बाजूंना उभे राहिले. मुलीनं नाही म्हटलं की तो बहिणीचा अपमान होतो, तिचा हक्क झिडकारल्यासारखा होतो. मी नाही म्हटलं तर अप्पा आणि आत्ती संपले. अप्पांना ती एकच बहीण आहे. दर सोमवारी ती फोनवर त्यांना रागावते, गोळ्या घेतल्यास का म्हणून. ते मी तोडू?

मुलानं नाही म्हटलं तर काय होतं माहीत आहे? काही नाही. त्याला शिव्या बसतात. दाजिबा काकानं म्हटलं होतंच की. वर्षाच्या आत सगळे एका पंगतीला. हक्क त्यांचा, त्यांनी सोडला, विषय संपला.

"लग्न झाल्यावर जा," तू म्हणतोस. आत्ती काय म्हणाली ते वाचूनही म्हणतोस.

आणि तू मागितलंस ते. मला अमरेश नको, असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं आहे की नाही मला माहीत नाही. पाळण्यात होते तेव्हापासून मला सगळ्यांनी सांगितलंय. विचारलं कुणीच नाही. जो प्रश्न कुणी विचारलाच नाही, त्याचं उत्तर माणसाला सापडणार कुठून? कदाचित तू मला आवडतोस. कदाचित मला फक्त तो पोत्यांवर घूं घूं करणारा मुलगा आवडतो. इथं बसून ते कळायचं नाही.

जुलैत तू एक घोडचूक काढली होतीस. ती चूक नाही. तेच माझं पाचवं प्रकरण आहे. त्याला मारून भागत नाही. ढकलून भागत नाही. नीलव्वाच्या हातात काहीही नाही. मी तिच्यासाठी मंत्र शोधले, हत्यारं शोधली, सगळी फाडून टाकली.

गाणं मात्र रद्दी आहे. ते तुझंच आहे, गॅदरिंगमध्ये म्हटलेलं.

शिवांजली


कोल्हापूर, ३ ऑक्टोबर

शिवांजली,

हे दुकानात बसून लिहितोय. काल दसऱ्याचं काय झालं ते मामा त्यांच्या पद्धतीनं सांगतील, त्यात मी राक्षस असेन. म्हणून माझ्याकडून ऐक.

तुझं पत्र आल्यावर मी आधी ते फाडायला घेतलं. मग पाचवं प्रकरण काढून परत वाचलं. "कुठं निघालीस? कुणाला इचारून?" यावेळी हसू आलं नाही. मशीनवरच्या पोरांना विचारलं, हा डुरक्या कुणासारखा वाटतो रे? सगळे माझ्याकडं बघायला लागले. हंबीररावांनी तर हातच जोडले. "अमऱ्या, आमाला पयल्या दिवशीच कळालंतं. तुला वाईट वाटंल म्हणून गप बसलो." दोन महिने, शिवा! दोन महिने सगळं दुकान गप होतं! आणि मी घोड्यावर बसलो होतो. मामांनाही सांग, तो बैल ते नव्हेत.

काल सकाळी मामा आले. नवा शर्ट, पिशवीत नारळ, पेढे, आपट्याची पानं. आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या. मी नेहमीसारखा उंबऱ्यात बसलो होतो, अर्धा आत अर्धा बाहेर. आई म्हणाली, "आत ये की, वारं येतंय, दार लाव." मी तिथनंच म्हटलं, "मामा, तारीख धरू नका. मला हे लग्न करायचं न्हाय."

मामांनी हातातली आपट्याची पानं पिशवीत परत ठेवली.

मामा म्हणाले, "स्टँडवर घोड्यावर कोण बसलंतं मग? मी?"

"मीच. काल संध्याकाळी उतरवून आलोय. गुंडाळी तुमच्या दुकानामागं ठेवलीय, पत्र्याखाली अंथरायला होईल."

"माझ्या पोरीत काय खोट काढलीस?"

इथं मला ओरडायचं होतं, शिवा. सगळं सांगायचं होतं, बंगळूर, नीलव्वा, तिला विचारा की एकदा तरी, असं. पण तुझं नाव काढलं असतं तर 'नाही' तुझ्या पदरात पडलं असतं. गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा गिळलं. म्हटलं, "खोट न्हाय. मला नको. कारण इचारू नका, मी सांगणार न्हाय."

आई पोळीचा उलथणा हातात घेऊन बाहेर आली. "दोन वरीस माझं डोकं खाल्लंस हीच पायजे म्हणून! आणि आता नको?"

"पायजे व्हती, अव्वा."

"आणि आता?"

मी उंबऱ्यावरच्या रांगोळीचा एक ठिपका बोटानं पुसला. ती थोडा वेळ बघत राहिली माझ्याकडं. तिला काहीतरी कळलं असावं, किंवा नसावं. मग तिनं उलथणा फेकून मारला. नेम चुकला, पेढ्यांना लागला.

मामांनी तिला बसवलं. मग मला वाटलं नव्हतं ते झालं. ती मामांचा हात धरून म्हणाली, "चन्नाप्पा, माझंच पोरगं नालायक निघालं रं. हक्क सोडला मी. पोरीला तुझ्या वाटंल तिथं धाड. मला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाय यानं." मामा म्हणाले, "अक्का, तू कशाला रडतीस? त्याला अक्कल कमी, तुझी काय चूक?" दोघं मिळून मला शिव्या द्यायला लागले. मराठीत संपल्या तेव्हा कानडीत. इतकं एकमत त्या दोघांत मी कधी बघितलं नव्हतं. मामांनी पानात पुरणपोळी वाढून घेतलेली मी डोळ्यांनी बघितली. म्हणजे पाणी सुटलं नाही. तू विचारायच्या आधीच सांगतो.

म्हणून बंगळूरचं पत्र आज परत काढ मामांपुढं. आईनं हक्क सोडलाय, आता पुन्हा त्यांनाच विचारायचं, आणि पहिलं पान वाचून त्यांनी चष्मा का काढला हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळलंय: लिहिलंस ते नव्हे, लपवलंस ते त्यांना लागलं. मुखपृष्ठ सोबत पाठवतोय. घोडा काढून टाकलाय.

मला उत्तर नको. म्हणजे पाहिजे, पण तिकडून, आणि तुला कधी वाटलं तर. मी विचारायला बसलेला नाही.

एवढं झाल्यावर आई म्हणाली, "व्हय बाहेर. तोंड बघायचं न्हाय मला तुझं." मी उंबऱ्यातून उठलो. पायाला मुंग्या आल्या होत्या, बसून बसून. चपला घातल्या. हात सवयीनं दाराकडं गेला, आपटायला. मग आठवलं, आपटलं की कडी बसत नाही. बाहेर पायरीवर उभा राहिलो, दोन्ही हातांनी दार हळूहळू ओढत आणलं, आतली ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत, आणि कडी बसल्याचा आवाज ऐकूनच हात सोडला.